वहीतला चौथा रकाना

मी गाव सोडलं त्या सकाळी आबा अंगणात उकिडवे बसून माझ्या नव्याकोऱ्या सुटकेसवर पांढऱ्या ऑइलपेंटनं पत्ता रंगवत होते. मुंबईच्या विमानतळावर नेणारी जीप दारात उभी होती, ड्रायव्हर दर दोन मिनिटांनी हॉर्न दाबत होता. आई वाटीत दही-साखर घेऊन उंबऱ्यात खोळंबली होती आणि आबांचा ब्रश अजून माझ्या आडनावापर्यंतही पोचला नव्हता.

"आबा, रंग ओला हाय. जीपच्या सीटला लागंल," मी म्हणालो.

"लागू दे की. पेटी हरवली तर तिला तोंड हाय का सांगायला, मी अमक्याची म्हणून?"

आबा म्हणजे माझे वडील, बावीस वर्षं फौजेत होते. हवालदार म्हणून परत आले. फौजी माणसाच्या पेटीवर नाव, नंबर, गाव रंगवलेलं नसेल तर ती पेटी नव्हेच, असं त्यांचं ठाम मत. लिहून झालं, मुक्काम पोस्ट, तालुका पलूस, जिल्हा सांगली, सगळं ठसठशीत मराठीत. मग ब्रश टर्पेंटाईनच्या डबीत बुडवत ते जीपवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "इंग्लिशमधी लिवणार हुतो. पर ह्याला सोताला वाचता आलं पायजे न्हवं!"

जीपवाला हसला, तात्या हसले, दह्याची वाटी धरलेली आईसुद्धा हसली. तात्या म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. त्यांचं हसणं सगळ्यात शेवटी थांबलं. मीही हसलो. न हसून सांगतो कुणाला? बारावीला मी इंग्रजीत दोनदा गचकलो होतो आणि तिसऱ्या वेळी काठावर, अगदी काठावर, वर आलो होतो. गावात माझ्या नावाची मुलं तीन होती. त्यांतला मी कोणता हे सांगायला लोक 'इंग्लिशवाला' म्हणत. आंधळ्याला नयनसुख म्हणावं, त्यातला प्रकार.

जीप हलताना आबांनी खिडकीत हात घालून माझा खांदा दाबला. "खुशाली कळवत जा. रडगानं न्हाई. आमीबी कळवू."

हे 'खुशाली' प्रकरण बाहेरच्यांना सांगावं लागेल. आमच्याकडच्या फौजी घरांत सीमेवरच्या माणसाला पत्र जायचं ते खुशालीचंच. इकडील सर्व क्षेम आहे, तिकडील खुशाली कळवणे. बैल मेला, विहीर ढासळली, पोरगी आजारी पडली, ते पत्रात येत नसे. त्याचं चित्त ठिकाणावर राहिलं पाहिजे, हातात बंदूक आहे, हा त्यामागचा विचार. आबा एकदा दहा महिन्यांनी रजेवर आले. पेटी उघडून त्यांनी स्वतःच्या आईसाठी आणलेलं हिरवं लुगडं बाहेर काढलं आणि 'आई कुठं गेली?' म्हणून विचारलं.  तिला जाऊन दोन महिने झाले होते आणि त्या दोन महिन्यांत आबांना खुशालीची चार पत्रं पोचली होती. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मला वाटलं, ते घरच्यांना शिव्या घालतील. ते म्हणाले, "बरूबर केलं त्येंनी. म्या तितं काय करणार हुतो?"

आता, इंग्रजीत गचकलेला माणूस जर्मनीत कसा पोचला, तेही सांगतो. माझी थोरली बहीण, आक्का, साताऱ्यात असते. तिच्या घराजवळ खताच्या दुकानाच्या माडीवर एक मॅडम जर्मन शिकवत. जर्मनीत म्हाताऱ्या माणसांची सेवाशुश्रूषा करायला पोरं पाहिजेत, तीन वर्षं शिकता शिकता नोकरी मिळते, अशी बातमी आक्कानं आणली. मी आक्काकडे राहिलो आणि दीड वर्ष युरियाच्या वासात जर्मन शिकलो. मॅडम मराठीतून शिकवायच्या. आश्चर्य म्हणजे मला यायला लागलं. त्याचं कारण मी पुष्कळ शोधलं. शेवटी सापडलं ते असं की, या भाषेत मी अजून एकदाही नापास झालेलो नव्हतो. कुणी मला तिच्यावरून हसलेलं नव्हतं. गावात जर्मन कुणाला येतच नव्हतं, हसणार कोण?

लायपझिगपासून तासाभरावरच्या एका लहान गावातल्या वृद्धाश्रमात मी लागलो. विमानतळाच्या फिरत्या पट्ट्यावर शंभर काळ्या सुटकेसींत माझी लांबूनच ओळखू आली, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. लाजेनं मी पत्त्याची बाजू मांडीला लावून चाललो. रंग जर्मनीपर्यंतही पुरता वाळला नव्हता, तर पॅंटवर उलटा 'पलूस' उमटलेला. तो डाग अजून गेलेला नाही.

काम मला जमलं. म्हाताऱ्या माणसाला पाठीला हात देऊन उठवणं, अंघोळ घालणं, चमच्यानं भरवणं, यात परकं काही नव्हतं. अडचण आली ती दुसऱ्या वर्षी, एका रविवारी. पहिल्या मजल्यावरच्या आजीबाईंचा नातू अमेरिकेतून आला. त्याला जर्मनचा गंध नाही. आमच्या मुख्य सिस्टर आनंदानं म्हणाल्या, "काळजी नको, आमच्याकडे भारतीय आहे!" आणि मला ओढत नेलं.

हे मी अंगावर काटा न येता लिहू शकत नाही. तो उंच पोरगा माझ्याशी इंग्रजीत भरभर बोलला. मी मान हलवली. तो आणखी बोलला. मी आणखी मान हलवली. मग मी तोंड उघडलं आणि त्यातून जर्मन बाहेर आलं, फक्त जरा मोठ्या आवाजात. सिस्टर माझ्याकडे बघायला लागल्या. पोरगा आजीकडे बघायला लागला. आजीबाई मला म्हणाल्या, "बाळा, हे तर मलाही येतं."

त्याच आठवड्यात सिस्टरांनी सांगितलं की पुढचं शिक्षण घ्यायचं तर इंग्रजीचा दाखला लागेलच. म्हणजे पळून पळून सात हजार किलोमीटर आलो तरी ती बया वेशीवर उभीच!

गावातल्या प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गात मी नाव घातलं. शिकवणाऱ्या फ्राऊ लिंडनर बाईंनी मला पाहिलं आणि म्हणाल्या, "योगाचा वर्ग शेजारच्या खोलीत." त्यांना वाटलं, मी योग शिकवायला आलोय. मी म्हणालो, इंग्रजी शिकायचंय, अगदी पहिल्यापासून. त्यांनी चष्मा काढून पुसला. भारतातल्या माणसाला इंग्रजी येत नाही, ही गोष्ट त्यांच्या चष्म्यात बसेना.

वर्गात बाकी अकरा जण, सगळे साठीपुढचे. जर्मनीच्या त्या भागात त्यांच्या लहानपणी शाळेत रशियन शिकवत, इंग्रजी नव्हे. त्यामुळे ही मंडळी आता म्हातारपणी श्रीगणेशा करत होती. माझ्या शेजारी हेर, म्हणजे श्रीयुत, ब्योमे, रेल्वेतले निवृत्त सिग्नलमन, शहात्तर वर्षांचे. त्यांची मुलगी कॅनडात गेलेली, नातवंडांना फक्त इंग्रजी येतं. फ्राऊ लिंडनरनी पहिल्या दिवशी विचारलं, इंग्रजी शिकून काय करणार? ब्योमे म्हणाले, "नातवाला विचारायचंय, भूक लागली का म्हणून. तो काय म्हणाला ते कळलं तर उत्तमच."

त्या दिवशी मी जन्मात पहिल्यांदा गोऱ्या माणसांना इंग्रजीला घाबरताना पाहिलं. सिग्नलमन साहेबांच्या कपाळावर घाम. एका आजीबाईंची जीभ दातांत धरायच्या त्या उच्चाराला अशी काही अडकली की कवळी हलली. आणि माझी भीती, मास्तरांनी हिरव्या फोकानं पोटऱ्यांवर बसवलेली ती जुनी भीती, एकदम पातळ झाली. आमच्याकडे इंग्रजी साहेबाच्या खुर्चीत बसून यायची. इथं ती आमच्यासारखीच ओल्या बुटांनी आत आली आणि मागच्या बाकावर बसली.

पुस्तकात शब्दांच्या याद्या होत्या. पहिल्या रकान्यात इंग्रजी, दुसऱ्यात जर्मन, तिसऱ्यात एक वाक्य. मी वहीत उतरवून घेताना पट्टीनं चौथा रकाना आखला आणि त्यात पेन्सिलीनं मराठी लिहायला लागलो. शाळेत 'ऑल्दो' म्हणजे 'जरी' हे मी पन्नास वेळा लिहून काढलं होतं, तरी ते कधी कळलं नव्हतं. आता 'ऑल्दो' म्हणजे 'ओबव्होल', आणि 'ओबव्होल' तर मी रोज बोलत होतो. आजीबाईंना भूक नसली तरी त्या पुडिंग खातात. पाऊस असला तरी हेर अमुक फिरायला जातात. असा तो शब्द जर्मन दारातून आत येऊन मग माझ्या मराठी पाटावर बसायचा. व्याकरणाचंही तसंच. ज्या काळांच्या तक्त्यानं शाळेत माझा निकाल लावला, तो तक्ता फ्राऊ लिंडनर जर्मनमधून समजावायच्या आणि मला समजायचा! मी घरी फोन करून हे सांगितलं. आबा म्हणाले, "म्हंजे तू कऱ्हाडला जायाला दिल्लीवरनं गाडी पकडलीस म्हन की."

बरोबरच होतं. पण त्या लांबच्या रस्त्यानं माझं सामानही बदललं. एकदा निबंध तपासून देताना फ्राऊ लिंडनर कौतुकानं म्हणाल्या, "तुमच्या चुका अगदी जर्मन माणसाच्या आहेत." वर्गानं टाळ्या वाजवल्या. ब्योमेंनी पाठ थोपटली. मीही छाती काढून घरी आलो आणि जेवताना एक गोष्ट ध्यानात आली. शाळेत निदान माझ्या चुका तरी माझ्या होत्या. मास्तर म्हणायचे, ही खास पलूसची चूक आहे. त्या संध्याकाळी वही चाळली तर लक्षात आलं, चौथा रकाना गेले दोन महिने कोराच आहे. शेवटचा पेन्सिलीचा शब्द होता 'ओलावा'. त्यानंतर पानंच्या पानं इंग्रजी आणि जर्मन एकमेकांशी बोलत होती आणि मराठीला कुणी बोलावलंच नव्हतं. कधी थांबलो, का थांबलो, आठवेना. भांडण होऊन माणूस घरातून गेला तर निदान तारीख तरी लक्षात राहते.

घरचे फोन चालूच होते. दर रविवारी दुपारी. "सगळं बरं हाय" नं सुरू आणि "सगळं बरं हाय" नं शेवट. त्या हिवाळ्यात एक नवी रीत सुरू झाली. मी 'आबा कुठायत?' विचारलं की आई फोन गोठ्याकडे वळवायची. "ही बघ म्हस. व्याली परवा. रेडकू बघ कसलं गुटगुटीत हाय." पडद्यावर म्हैस, मागून आबांचा आवाज, "मी हितंच हाय की रं. वैरण टाकतोय." मी म्हशीला बघायचो, म्हैस मला बघायची. तीन महिने मी म्हशीशी बोललो. आणि मी शिकलेला माणूस, म्हाताऱ्यांच्या आजारपणावरच पोट भरणारा! माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की वैरण टाकणारा माणूस इतका धापा का टाकतोय.

फेब्रुवारीत तात्यांचा संदेश आला. नऊ फोटो, दवाखान्याची कागदं. खाली तात्यांचा आवाज भरलेला, कुजबुजत. "आरं, ही कागदं तुझ्या तितल्या थोरल्या डाक्टरला दाव. काय नवं औषध असलं तर इचार. आबाला सांगू नगंस मी धाडल्यालं, तंगडी मोडंल माझी. आन् तू वाचायच्या फंदात पडू नगंस, सगळं इंग्लिश हाय. तुला कायबी कळायचं न्हाई, म्हनून तर धाडतोय."

घरातल्या सगळ्यांनी मिळून एवढी मोठी गोष्ट लपवली, आणि माझ्या बारावीच्या निकालावर भरवसा ठेवून तीच माझ्या हातात दिली. अशी चूक आमच्याच घरात होऊ शकते.

सकाळची पाळी संपवून मी वृद्धाश्रमाच्या मागच्या बाकावर बसलो होतो. दुपारचं ऊन बर्फावर पडलेलं. पहिलं पान उघडलं. माझ्या डोक्याला आता एकच रस्ता माहीत होता. इंग्रजी शब्द घ्यायचा, जर्मनमध्ये न्यायचा, मग मराठी. पण इथं न्यायला काही लागलंच नाही. हे शब्द मी ओळखत होतो. लिव्हर. मेटास्टॅसिस. पॅलिएटिव्ह. पहिल्या मजल्यावरच्या फाइलींत मी ते रोज बघत होतो, एकदोन अक्षरं इकडेतिकडे. तसे शब्द ज्यांच्या फाइलीत येतात त्यांच्या खोलीत आम्ही आवाज न करणाऱ्या चपला घालून जातो. त्यांच्या खिडकीत फुलं जास्त असतात. मला त्या शब्दांची चव, वास, वेळापत्रक, सगळं ठाऊक होतं. मराठी मात्र आलं नाही. किती वेळ बसलो तरी आलं नाही. बोटं गारठली तेव्हा एवढंच आलं, की आता दुखू द्यायचं नाही, बाकी काही करण्यासारखं नाही.

आठव्या पानावर डॉक्टरनं हातानं दोन ओळी लिहिल्या होत्या. रुग्ण माजी सैनिक आहे. त्याला आजाराची पूर्ण कल्पना दिली आहे. परदेशात असलेल्या मुलाला कळवू नये, अशी रुग्णाची विनंती आहे.

ते वाक्य मी सरळ वाचलं. मध्ये जर्मन आलं नाही, कोश आला नाही, कुणी बोट धरलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खं इंग्रजी वाक्य मला एका दमात कळलं, आणि ते हे होतं.

मी काय केलं, तर खुशाली कळवली. आमच्या डॉक्टरीण बाईंना कागद दाखवले होते, त्यांनी खांद्यावर हात ठेवला होता आणि घरी कधी जाताय एवढंच विचारलं होतं. तात्यांना मी सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, औषध बरोबर चालू हाय." तात्या म्हणाले, "बघ, मी म्हनलं न्हवतं!" त्यांचा आवाज इतका हलका झाला, की मला माझीच किळस आली.

आता जायचं कसं? अचानक गेलो तर आबांना कळणार की मला कळलं. आणि त्यांनी मला पक्कं बजावलं होतं, परीक्षा दिल्याशिवाय रजा काढायची नाही. प्रमोशनच्या परीक्षेत त्यांचं स्वतःचं घोडं इंग्रजीपाशीच अडलं होतं, ते सुभेदार व्हायचे राहिले, म्हणून माझ्या दाखल्याची त्यांना भारी हौस. परीक्षा होती जूनमध्ये. पहिल्या मजल्यावरच्या अनुभवावरून मला दिसत होतं की जून फार लांब आहे. मग मी थाप मारली. "आबा, परीक्षा अलीकडं घेतली. पास झालो!" पलीकडून आबांचा ओरडा, "आगं ऐकलंस का, इंग्लिशवाला पास झाला!" आणि खोकला. बराच वेळ खोकला. आईनं फोन म्हशीकडे वळवला.

मार्चमध्ये घरी पोचलो. आबा व्हरांड्यात खाटेवर, अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, बाहेर भाजणारं ऊन. माणूस निम्मा झाला होता. मी धंद्यानं हे ओळखणारा, तरी दारात क्षणभर थांबलो. आबा म्हणाले, "जरा डायटिंग केलंय." मी म्हणालो, "शोभतंय." आई आत निघून गेली.

आम्ही दोघं खोटारडे तीन आठवडे मजेत राहिलो. मी त्यांना अंघोळ घालायचो. ते म्हणायचे, "जर्मनीत ह्येचा पगार देत्यात व्हय?" मी वृद्धाश्रमातल्या माझ्या फजित्या सांगायचो आणि ते हसून हसून बरगड्या धरायचे. अमेरिकन नातवाची गोष्ट तर त्यांनी चार वेळा सांगायला लावली. आजाराचं नाव कुणी काढलं नाही.

माझ्या परतीच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी खाटेखालची काळी पेटी ओढायला लावली. तिच्यातून फौजेतनं निवृत्त होताना मिळालेलं पुस्तक काढलं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. "पास झालास म्हंतूस. वाच बघू."

मी वाचलं. नाव, नंबर, सेवेचा काळ. मग एक ओळ, वर्तणूक, आणि समोर टाईप केलेलं 'एक्झेम्प्लरी'.

"म्हंजी काय रं त्ये? साहेब म्हनला हुता, अच्छा है, रख लो. तवापास्नं ठेवलंय."

मी अडकलो. मराठी येईना, पण जर्मन आलं, 'फोरबिल्डलिश'. त्या शब्दाच्या पोटात चित्र आहे, पुढं ठेवलेलं चित्र. मी म्हणालो, "आबा, म्हंजे ज्याचं चित्र म्होरं ठेवून दुसऱ्यानं चालावं, असा माणूस."

 आबांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, ती ओळ बोटानं चाचपली. "असं लिवलंय व्हय," ते म्हणाले. "सुभेदार न्हाई केलं, पर लिवलं खरं."

मग त्यांनी पेटीतून दुसरा कागद काढला. मी लांबूनच ओळखला. दवाखान्याच्या फाइलीतलं आठवं पान. बाकीची आठ पानं तिथंच ठेवून त्यांनी हे एकच काढलं होतं.

"ह्येबी वाच. आदी इंग्लिश, मग मराठी."

मला आजही कळत नाही, ते परीक्षा घेत होते की जे तोंडानं सांगता येत नव्हतं ते सांगत होते. मी वाचायला लागलो. शाळेतल्यासारखा मोठ्यानं वाचत होतो. औषधांची नावं वाचली. रुग्णाला पूर्ण कल्पना दिली आहे, ते वाचलं. मुलाला कळवू नये, तेही वाचलं, इंग्रजीत, एक शब्द न गाळता. आबा डोळे मिटून ऐकत होते. कवायतीत हुकूम ऐकावा तसे.

"आता मराठी."

समोर आई तांदूळ निवडत बसली होती. तिचा हात थांबला.

मी म्हणालो, "लिवलंय, की पेशंटची तब्येत सुधारत हाय. औषधं टायमात घ्यावी. मुलगा परदेशात असतो, त्येनं काळजी करू नये."

आबांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. असं बघितलं की माझ्या तोंडावरचं सगळं त्यांना वाचता येत होतं, कुठल्याही भाषेवाचून. मग गालातल्या गालात हसले आणि कागद घडी घालून पेटीत ठेवला.

"पास हाईस गड्या," ते म्हणाले. "जा आता बिनघोर."

मी गेलो. अकराव्या दिवशी तात्यांचा फोन आला, "आबा जरा सीरियस हाईत. जमलं तर निघ." आमच्याकडे या वाक्याचा अर्थ लावायला कोश लागत नाही. रजा आणि तिकीट जमून मी दहाव्याला पोचलो.

जूनमध्ये खरी परीक्षा दिली. खरोखरच पास झालो, गुणही बरे पडले. ब्योमेही पास झाले, त्यांनी केक आणला. मी फोन हातात घेतला आणि लक्षात आलं की ही बातमी सांगायला जागाच नाही. आबांच्या लेखी मी मार्चमध्येच पास झालो होतो. फ्राऊ लिंडनरनी तपासायला नेलेली वही परत दिली, तेव्हा चौथ्या रकान्याची कोरी पानं घेऊन बसलो आणि पेन्सिलीनं भरायला लागलो. बरेच शब्द अडतात. मग मी आक्काला फोन करून विचारतो, ती साताऱ्यातल्या स्वयंपाकघरातून ओरडून सांगते. 'एक्झेम्प्लरी'च्या पुढे मला 'आदर्श' हा शब्द आता येतो, पण तो लिहिला नाही. तिथं 'आबा' लिहिलंय.

गावाकडच्या मंडळींनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून कुठं कुठं जाऊन पडलेल्यांनो, घर म्हणजे काय असं मला इथं पुष्कळदा विचारतात. इथं कुणी कुणापासून काही लपवत नाही. डॉक्टर वेळ ठरवून, समोर बसवून, तोंडावर सगळं सांगतो, पाणी हवंय का विचारतो. चांगली पद्धत आहे, मी स्वतः तीच वापरतो. पण मला परकं कुठं वाटतं, तर तिथंच. ज्या ठिकाणी माझ्यापासून काहीतरी लपवण्याइतकी माझी कुणाला काळजी आहे, ते माझं घर. अशी घरं फार वाईट असतात. माणसाला उशीर करायला लावतात.

परवाच्या रविवारी आईला फोन केला. जेवलास का, थंडी हाय का, सगळं झालं. मी म्हणालो, "आई, तुझं तोंड दिसंना नीट. उजेडात ये."

"आरं, ही म्हस बघ," ती म्हणाली, आणि फोन वळला.

"म्हस बघितली. आता तोंड दाव."

फोन म्हशीवरच राहिला. म्हैस रवंथ करत होती. मागून आईचा आवाज आला, "सगळं बरं हाय रं."

पलंगाखालून जुनी सुटकेस ओढली. पांढरा रंग कुठं कुठं उडालाय, पण पत्ता वाचता येतो. उद्या दुपारचं विमान आहे. या वेळी कसली परीक्षा नाही, कसली थाप नाही. पत्त्याची बाजू बाहेर धरून चालणार आहे.